बदलून आणलेला बैल

हंडरगुळीच्या बाजाराहून आजोबा परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. आदल्या दिवशी जाताना त्यांच्या हातात वानेऱ्या देवणी बैलाचा कासरा होता, येताना लाल कंधारी बैलाचा होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी घडलेली ही गोष्ट. तेव्हा लातूर जिल्हा झाला नव्हता आणि आमच्या शिरूर अनंतपाळच्या शिवारात सोयाबीनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. ज्वारी, तूर आणि बैल, एवढ्यावर घर चालायचं.

सौदा वाईट झाला नव्हता. गेलेला बैल पुरा जुळलेला, उतरणीला लागलेला. आलेला चौसा, भरल्या छातीचा, खुरं काळी आणि घट्ट. वर मोजलेली रक्कमही वाजवी होती. शेजारपाजारचे लोक कंदील घेऊन आले. कुणी वशिंडावरून हात फिरवला, कुणी जबडा उघडून दात पाहिले, आणि सगळ्यांनी बैल चांगला असल्याचं सांगितलं. आजोबा मात्र त्या रात्री जेवले नाहीत. दावणीला मागं राहिलेला जोडीदार रिकाम्या जागेकडे तोंड करून हंबरत होता आणि नवा बैल वैरणीला तोंड लावत नव्हता. आजी पाणी घेऊन गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चुकलं माझं.”

माझे वडील तेव्हा शाळकरी पोर होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितली आणि दरवेळी त्या ‘चुकलं’पाशी ते थांबायचे. सौदा चांगला होता, मग चुकलं काय? हा प्रश्न माझ्याबरोबर फार वर्षं राहिला. जवळची, हाताला बसलेली वस्तू देऊन दुसरी घेतली की दोन दिवसांत मन मागं का ओढतं, याचा अभ्यास जगात बऱ्याच लोकांनी केला आहे. त्या अभ्यासांनी आजोबांच्या रात्रीतलं बरंचसं मला समजावलं. काही भाग मात्र त्यांच्या हिशेबात बसत नाही.

आधी मुलूख सांगतो. शिरूर अनंतपाळ १९९९ मध्ये तालुका झाला. घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प याच तालुक्यात आहेत. शेजारचा तालुका देवणी, आणि त्याच गावाच्या नावानं देवणी गोवंश देशभर ओळखला जातो. गीर, डांगी आणि इथली स्थानिक गुरं यांच्या मिश्रणातून गेल्या दोनएकशे वर्षांत तो घडला असं पशुशास्त्रज्ञ मानतात. कपाळ पुढं आलेलं आणि कान लोंबते, ही गीरची खूण त्याच्या अंगावर स्पष्ट दिसते. रंगावरून त्याचे तीन प्रकार पडतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं असेल तो वानेरा. अंग पांढरं पण पोटाच्या बाजूला काळे ठिपके असतील तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असतील तो शेवेरा. गाय दूध देते, बैल ओढतो, आणि स्वभाव शांत.

पूर्वेला नांदेड जिल्ह्यात गेलं की कंधार, मुखेड, लोहा या भागात लाल कंधारी दिसू लागते. अंग गडद लाल, बैल गायीपेक्षा अधिक गडद, शिंगं दोन्ही बाजूंना सारखी वळलेली. दूध देवणीपेक्षा कमी, पण उन्हाला आणि हलक्या वैरणीला चिवट. एक दिवस चालत गेलं तर माणूस एका गोवंशाच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात पोचतो. म्हणून इथल्या बाजारात नुसती खरेदी-विक्री होत नव्हती, अदलाबदलही चालायची. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळी या जोडगावांचा जनावरांचा बाजार मराठवाड्यातच नव्हे, तर लगतच्या कर्नाटक आणि तेलंगणातही प्रसिद्ध आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोडे, गाढवं, उंट यांच्यासोबत लाल कंधारी आणि देवणीचेही सौदे होतात.

बाजारातला माणूस बैल कसा वाचतो ते पाहण्यासारखं असतं. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात असेपर्यंत तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून कायमचे दोन दात येतात, तो दुसा. मग चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या आसपास आठही आले की जुळला. त्यानंतर वय सांगायला दातांची झीज आणि शिंगांची वळी पाहायची. खांद्यावर जुनी सूज आहे का, चालताना मागचा पाय पुढच्याच्या मागावर पडतो का, डोळ्यासमोर हात नेल्यावर पापणी मिटते का, हे सगळं पाहिलं जातं. मग दलाल दोघांचे हात उपरण्याखाली घेतो आणि किंमत तोंडानं न बोलता बोटांच्या दाबानं ठरते. भोवतीच्या लोकांना कळू नये, एकाचा भाव दुसऱ्याच्या सौद्यावर पडू नये, म्हणून ही पद्धत. इसार दिला की सौदा पक्का.

पण दातावरून वय कळतं, स्वभाव कळत नाही. बैल पावसात बसतो का, पाण्यात पाय घालायला बिचकतो का, उजवीकडं जुंपला तरच चालतो का, सांजेला परक्या माणसाला मारतो का, हे फक्त मालकाला माहीत असतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीतली खोट ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, त्यामुळं घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो आणि चांगली गाडी असलेला मालक बाजारात यायलाच तयार होत नाही, हे त्यांनी गणितानं दाखवलं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बैलांच्या बाजारात वावरलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे पटायला गणित लागणार नाही.

अदलाबदलीत मात्र हा पेच दुहेरी होतो. दोघेही विकणारे आणि दोघेही घेणारे. आपल्या बैलाची खोट आपण जाणतो आणि रोजच्या सवयीनं तिला खोट म्हणणंही सोडून दिलेलं असतं. आजोबांचा वानेरा ओढ्याच्या पाण्याशी अडायचा. दहा वर्षांत त्यांनी त्यावर उपाय शोधला होता. पाण्याआधी चार पावलांवर थांबून पाठीवर थाप मारायची, मग तो उतरायचा. त्यांच्या लेखी ही खोट उरलीच नव्हती. समोरच्याच्या बैलाची अशी एकही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. बाजारात नवा बैल निर्दोष दिसतो, कारण त्याचे दोष अजून भेटलेले नसतात. घरी आणल्यावर ते एकेक करून भेटू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गेलेल्या बैलाचे दोष आठवणीतून गळत जातात.

ही झाली माहितीची बाजू. मनाची बाजू याहून जुनी आहे. कॅनडातले अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच यांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यांनी एकेक मग दिला, दुसऱ्या गटाला चॉकलेट. थोड्या वेळानं दोघांनाही सांगितलं, हवं तर बदलून घ्या. ज्यांच्याकडे मग होता त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांनी मग ठेवला. ज्यांच्याकडे चॉकलेट होतं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांनी चॉकलेट ठेवलं. तिसऱ्या गटाला हातात काहीच न देता निवड करायला सांगितली, तर ५६ टक्क्यांनी मग निवडला, म्हणजे आवड जवळजवळ निम्मी-निम्मी होती. वस्तू थोडा वेळ आपली झाली, एवढ्यानंच तिचं वजन वाढलं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्येच या ओढीला नाव दिलं होतं, एंडाउमेंट इफेक्ट. मराठीत आपण मालकीचा लोभ म्हणू.

यामागं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार आहे. माणूस मिळालेलं आणि गमावलेलं एकाच तराजूत तोलत नाही. तेवढ्याच मोलाचं गमावणं मिळण्याच्या साधारण दुपटीनं झोंबतं. आता अदलाबदल पाहा. एक बैल आला, एक गेला. बाजाराच्या हिशेबात दोन्ही पारडी सारखी. मनाच्या हिशेबात गेलेल्याचं पारडं दुप्पट जड. म्हणजे सौदा अगदी चोख झाला तरी घरी परतणाऱ्या माणसाला तो तोट्याचाच वाटणार. आजोबांच्या त्या रात्रीचा एक मोठा हिस्सा इथं उलगडतो.

आणखी एक हिस्सा याच दोघांच्या १९८२ च्या एका प्रश्नात सापडतो. एका माणसाकडे एका कंपनीचे शेअर होते, ते बदलून दुसरीचे घ्यावेत असा विचार त्यानं केला, पण बदलले नाहीत, आणि त्याचं नुकसान झालं. दुसऱ्यानं दुसऱ्या कंपनीचे शेअर देऊन पहिलीचे घेतले आणि त्याचंही तेवढंच नुकसान झालं. जास्त हळहळ कुणाला होईल? ९२ टक्के लोकांनी सांगितलं, ज्यानं बदल केला त्याला. पैसे सारखेच गेले होते. पण ज्यानं काही केलंच नाही त्याला नशिबाला बोल लावता येतो, ज्यानं केलं त्याच्यासमोर स्वतःचाच हात येतो. वानेरा घरीच म्हातारा होऊन थकला असता तर आजोबा म्हणाले असते, वय झालं त्याचं. त्याला स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून ते म्हणाले, चुकलं माझं.

मग बाजारातल्या दलालांना, व्यापाऱ्यांना असं का होत नाही? एका बाजारात ते दहा बैल घेतात आणि विकतात, आणि संध्याकाळी सुखानं जेवतात. जॉन लिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं हा प्रश्न नेमका असाच विचारला. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांच्या बाजारात वावरणारे लोक होते. नवखे लोक नेचच्या विद्यार्थ्यांसारखेच हातातली वस्तू सोडायला तयार नव्हते. मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये ही ओढ जवळजवळ दिसली नाही. व्यापाऱ्याला वस्तू पहिल्यापासून जाण्यासाठीच आलेली असते, त्यामुळं ती जाते तेव्हा त्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही. या निष्कर्षाकडे पाहून कुणी म्हणेल की शेतकऱ्यानंही व्यापाऱ्यासारखं व्हावं, मग हळहळ संपेल. इथं माझा या विद्वानांशी वाद आहे.

मगाला स्मरण नसतं. चॉकलेटला धनी ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ओढ खरी आहे, पण तिथली वस्तू कोरी होती, आणि कोऱ्या वस्तूबद्दलचा लोभ हा भ्रम ठरवणं सोपं आहे. दहा वर्षं जुवाखाली चाललेला बैल कोरा नसतो. त्याच्या आणि धन्याच्या मध्ये एक तिसरी गोष्ट तयार झालेली असते. ती ना बैलाच्या अंगात असते, ना एकट्या माणसाच्या. बाजारात तिला भाव नाही, आणि बैल गेला की ती दोन्हीकडून नाहीशी होते. आजोबांनी गमावलं त्याला मनाचा खेळ म्हणून मी सोडून देणार नाही.

ही तिसरी गोष्ट काय असते ते कोळपणीत दिसतं. ज्वारीच्या दोन ओळींमधली जागा हातभर. त्यात कोळपं चालवायचं तर बैलाचा पाय ओळीवर पडता कामा नये. जुना बैल खाली न पाहता ओळीतून चालतो, तोंडाला मुसकं असलं की पिकाकडे मान वळवत नाही, आणि धुऱ्यावर पोचला की कासरा ओढण्याआधीच वळायला लागतो. धनी तोंडानं जो आवाज काढतो तो त्या एका घराचाच असतो. शेजारच्या घरी तोच आवाज थांबण्याचा असेल. नवा बैल कितीही बळकट असो, पहिल्या हंगामात तो पीक तुडवतो. आणि अदलाबदल बहुधा मृगाच्या तोंडावर होते, कारण त्याच वेळी चांगल्या बैलाची निकड असते. शिकवायला वेळ नसतो.

त्यातून जोडीचा प्रश्न. जू ही एक तरफ आहे. दोन टोकांना दोन खांदे, मध्ये नाड्यानं बांधलेली हळीस. दोन्ही बैल सारखे असतील तर नाडा बरोबर मध्यावर येतो आणि ओढ निम्मी-निम्मी वाटली जाते. एक बैल कमी ताकदीचा असेल तर जाणता शेतकरी नाडा बलवान बैलाकडे थोडा सरकवतो. मग दुबळ्याच्या बाजूची भुजा लांब होते आणि त्याच्या खांद्यावरचा भार कमी होतो. आईच्या कडेवरचं आणि डोक्यावरचं ओझं तोलण्यासारखंच हे, शाळेत न शिकलेल्या माणसानं हातानं शोधलेलं भौतिकशास्त्र. आपला बैल दिवसभर टिकून ओढतो ती ओढ साधारण त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. जोडी जमली नाही तर एका खांद्यावर ती फार वाढते, कातडी सोलते, खांदा सुजतो आणि पेरणीच्या ऐन दिवसांत बैल बसतो. आजोबांकडं मागं राहिलेला बैल देवणीच होता, उंच, संथ चालीचा. लाल कंधारी बुटका आणि झपाट्याचा. पहिले पंधरा दिवस नाडा कुठं बांधायचा हेच त्यांना ठरवता येईना.

मागं राहिलेल्या बैलाचं हंबरणं हाही काही कुणाच्या मनाचा भास नव्हता. गुरं कळपातल्या ओळखीच्या जनावरांना वेगळं ओळखतात आणि काहींशी त्यांची खास सलगी असते, हे आता अभ्यासानं दाखवलं गेलं आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टन विद्यापीठात क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गायींना थोडा वेळ कळपापासून वेगळं ठेवलं, एकदा आवडत्या सोबतिणीबरोबर, एकदा अनोळखी गायीबरोबर. सोबतीण जवळ असताना त्यांच्या हृदयाचे ठोके कमी राहिले. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही बैलांची खांदेमळणी एकत्रच करतात, एकाच्या खांद्याला हळद-लोणी लावून दुसऱ्याला उद्यावर ठेवत नाहीत. हे ज्यांनी सुरू केलं त्यांनी ठोके मोजले नसतील, पण जोडी तोडल्यावर गोठ्यात काय होतं ते पाहिलं असणार.

हाताला बसलेलं साधन देऊन दुसरं घेणं ही केवळ शेतकऱ्याची अडचण नाही. सुताराच्या रंध्याचं, तबलजीच्या डग्ग्याचं असंच असतं, आणि पिस्तुलाचंही. नेमबाजीच्या स्पर्धेतल्या पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाप्रमाणे तासून घेतात. चाप कुठवर ओढला की गोळी सुटते, ते बोटाला पाठ झालेलं असतं. दुसरं, कदाचित अधिक चांगलं पिस्तूल हाती घेतलं की तेच बोट अडखळतं. शस्त्राच्या बाबतीत आपल्या कायद्यात एक गोष्ट आहे, तिचा मला या विषयासंदर्भात नेहमी विचार करावासा वाटतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार स्वतःच्या वापरासाठी ठेवलेलं परवान्याचं शस्त्र दुसऱ्याला विकायचं किंवा द्यायचं असेल, तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याकडंही तसा परवाना हवाच. हे दिवस ठेवलेत ते शस्त्र चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून. पण देणाऱ्यालाही आपोआप दीड महिना मिळतो. शस्त्र अजून त्याच्याच कपाटात असतं आणि ते नसल्यासारखं जगून पाहता येतं.

बैलाच्या बाजारात असे ४५ दिवस नसतात. उपरण्याखाली बोटं दाबली जातात आणि संध्याकाळच्या आत कासरा दुसऱ्याच्या हातात जातो. मला वाटतं, आजोबांना सौद्याआधी असा महिना मिळाला असता, रोज सकाळी वानेऱ्याला पाणी दाखवताना ‘हा जाणार आहे’ असं मनाशी म्हणता आलं असतं, तर एक तर त्यांनी बैल दिला नसता, किंवा दिल्यावर ते जेवले असते.

सौद्यानंतरची मुदत मात्र उलटं काम करते. आयुर्विमा घेतला की तीस दिवसांत तो परत करता येतो, आणि ग्राहकासाठी ते योग्यच आहे. पण डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हार्वर्डमध्ये फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायला आणि एक सोडायला सांगितलं. काहींना सांगितलं, मन बदललं तर काही दिवस फोटो बदलून मिळेल. काहींना सांगितलं, आता यात बदल नाही. ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. दार उघडं असेपर्यंत मन उंबऱ्यावरच उभं राहतं, बंद झालं की आत येऊन जागा करून घेतं. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांना आधी विचारलं असता मुभेमुळं आपल्या आवडीत काही फरक पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाजारातला जुना नियम, इसार दिला की शब्द फिरवायचा नाही, हा कठोर वाटतो. व्यापार चालावा म्हणून तो झाला असेल. नव्या बैलाशी माणसाचं लवकर जमावं, यालाही त्याची मदत होत असणार असं मला वाटतं.

आता अशी अदलाबदल कमी होत चालली आहे. पूर्वी उतरणीचा बैल आणि वर काही रक्कम देऊन तरणा बैल आणता यायचा, कारण म्हाताऱ्या बैलालाही शेवटचा खरेदीदार असायचा. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हाताऱ्या बैलाची बाजारातली किंमत घसरली आणि अदलाबदलीचं एक पारडंच हलकं झालं. ट्रॅक्टर त्याआधीच आला होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या गायींची संख्या २०१२ च्या मानानं १८ टक्क्यांनी वाढलेली दिसते, तर गोवंशातले नर जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले. गेली काही वर्षं आमच्याकडं जोडी देऊन कुणी दुसरी जोडी आणत नाही. जोडी विकून ट्रॅक्टरचा पहिला हप्ता भरतात. मी अशा घरी गेलो आहे. ट्रॅक्टरनं काम तासांत होतं, ते लोक समाधानी असतात आणि त्यांनी योग्यच केलं असं मलाही वाटतं. तरी वेळ अमावास्येला शेतात आंबील आणि भज्जी घेऊन गेल्यावर घरातलं म्हातारं माणूस बैल बांधायच्या रिकाम्या आखाड्याकडं बघत बसतं. तिथं बैल नसतो, त्याला हाक मारायचा आवाज घशात असतो.

आजोबांच्या गोष्टीचा शेवट वडील नेहमी हळू आवाजात सांगायचे. पेरणी कशीबशी झाली. लाल कंधारी डावीकडं वळताना अडत होता, थांबत होता, आणि चाबूक पाहिला की आणखीच अडत होता. तीनएक आठवड्यांनी एके सकाळी आजोबांनी धोतर बदललं, आजीकडून भाकरी बांधून घेतली आणि एसटीनं मुखेडकडं निघाले. आजीला वाटलं, बैल परत मागायला चालले. तिनं त्यांना अडवलं नाही, पण शब्द फिरवला तर बाजारात तोंड कसं दाखवणार, ही धास्ती तिला दिवसभर होती.

वानेरा घेतलेल्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर आजोबा पोचले तेव्हा वानेरा बांधलेला होता. पाठीवर चाबकाचा वळ होता. बांधाच्या पलीकडं ओढा होता आणि रोज सकाळी तिथं अर्धा तास झटापट चालायची, असं त्या माणसानं सांगितलं. असा अडेल बैल गळ्यात मारला म्हणून तोही मनात आजोबांना दोष देत होता. आजोबांनी कासरा सोडला आणि बैलाला ओढ्याकडं नेलं. पाण्याआधी चार पावलांवर थांबले, पाठीवर थाप मारली, आणि वानेरा पाण्यात उतरला. मग त्यांनी त्या शेतकऱ्याला तीनदा तसं करायला लावलं, त्याच्या हातानं बैल उतरेपर्यंत.

मग त्यांनी आपल्याकडच्या लाल कंधारीचं विचारलं. तो माणूस हसला. म्हणाला, त्याचा डावा कान लहानपणापासून ऐकत नाही. डावीकडून हाक दिली तर कळतच नाही त्याला, उजव्या अंगाला जाऊन बोलायचं. दोघांनी तिथंच भाकरी खाल्ली. वानेऱ्याला भरपूर मीठ घातलेली पेंड आवडते, लाल्याला उन्हातलं पाणी चालत नाही, असं दुपारभर एकमेकांना सांगत राहिले. बैल बदलायचं कुणी काढलं नाही. आजोबा रात्रीच्या एसटीनं परतले आणि जेवायला बसण्याआधी गोठ्यात जाऊन लाल्याच्या उजव्या बाजूला उभे राहिले.